चाकूंची आवड बदलते ती दगडावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अडीच-तीन वर्षं चाकू जमवताय, तीसेक झाले. सुरुवातीला ज्यांच्यासाठी पगारातून पैसे बाजूला ठेवले ते जाडजूड, काळ्या पात्याचे चाकू आता डब्यातून बाहेर निघत नाहीत. हातात सारखा येतो तो लाकडी मुठीचा, सगळ्यांत स्वस्त पडलेला ओपिनेल. असं सगळ्यांचंच होतं का, जुन्या लोकांना शेवटी काय आवडायला लागतं, आणि आधीचे विकून टाकावेत का?

होतं, पण सगळ्यांचं होत नाही. इथे बडोद्यातच असे लोक मला माहीत आहेत जे वर्षानुवर्षं जमवताहेत आणि आजही पहिल्या वर्षी घेतले असते तसेच चाकू घेतात, फक्त महाग घेतात. आणि असेही आहेत ज्यांची नजर एका हिवाळ्यात पार बदलली. किती वर्षं झाली, किती पैसे घातले, याचा त्याच्याशी फारसा संबंध दिसत नाही. ज्यांनी स्वतःच्या हाताने धार लावायला घेतली त्यांची आवड बदलली. ज्यांचे चाकू खोक्यातून निघून थेट काचेच्या कपाटात गेले त्यांची होती तशी राहिली. माझी सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूम आणि हीट ट्रीटमेंटमध्ये गेली. त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार, हे धरून पुढचं वाचा.

सुरुवातीला माणूस जे डोळ्यांना दिसतं तेच बघणार. फोटोत किंवा दुकानाच्या काउंटरवर आकार दिसतो, मूठ दिसते, उघडण्याची ऐट दिसते. माझ्या पिढीत ही ऐट म्हणजे रामपुरी. साठ-सत्तरच्या दशकांतल्या हिंदी सिनेमांनी तो इतका डोक्यात भरवला होता, की दांडिया बाजारातल्या शाळकरी पोरालाही उघडताना होणारी ती कटकट तोंडाने काढता यायची. पुढे १९९०च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याचे चाकू बनवण्यावर बंदी घातली आणि रामपूरचा धंदा बसला. त्याच शहराने २०२३ मध्ये चौकात वीस फुटी चाकू उभा केला, हीही एक गंमतच. आजच्या मुलांचा रामपुरी म्हणजे अंगठ्याच्या टिचकीने उघडणारा, काळा लेप दिलेला, चार मिलिमीटर जाड पात्याचा ‘टॅक्टिकल’ चाकू. नाटक तेच, नेपथ्य बदललं.

यात कमीपणा काही नाही. खटका ही खरोखरच बघण्यासारखी गोष्ट आहे. बक कंपनीचा ११० हा चाकू १९६४ मध्ये आला आणि पाठीवरच्या खटक्याने पक्कं बसणारं पातं खिशात वागवता येतं हे लोकांना पटलं. १९८१ मध्ये स्पायडर्कोने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप दिली, आणि एका हाताने चाकू उघडणं सोपं झालं. त्याच दशकात मायकेल वॉकरने मुठीच्या आतल्या पत्र्यालाच खटका बनवणारा लायनर लॉक बसवला. यंत्रांची आवड असलेल्या माणसाला या तिन्हींत बरंच शिकायला मिळतं. फक्त एवढंच, की हे सगळं चाकू उघडण्याबद्दल आहे. कापण्याबद्दल त्यात अजून काहीच आलेलं नाही.

दुसरं वेड पोलादाच्या नावांचं. ते चढलं की माणूस चाकू बघायचं सोडून तक्ते बघतो. ४४०सी, डी२, व्हीजी-१०, एस३०व्ही, एम३९०, आणि २०२१ पासून मॅग्नाकट. प्रत्येकाचं कार्बन किती, क्रोमियम किती, व्हॅनेडियम किती, सगळं तोंडपाठ. एकदाही चाकू वापरून बोथट न केलेला माणूस कुठल्या पोलादाची धार जास्त टिकते यावर रात्र रात्र वाद घालतो. मला या वेडाबद्दल जास्त सहानुभूती आहे, कारण आकडे खोटे नसतात. डी२मध्ये साधारण दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असतं. त्यातून तयार होणारे कठीण कार्बाइडचे कण झीज थोपवतात. आमच्याकडे प्रेस टूलचे डाय-पंच त्याचेच असायचे आणि हजारो पत्रे कापून निघायचे. पण तोच कण घरच्या साध्या दगडाला दाद देत नाही, आणि फार बारीक धार काढायला गेलं तर कडेवरून सुटून खाच पाडतो. हे तक्त्यात लिहिलेलं नसतं. ते दगडावर बसल्यावर मनगटाला कळतं.

तक्त्यात आणखी एक गोष्ट नसते, आणि माझ्या मते अर्धा चाकू तिथेच ठरतो: पोलादाला उष्णता कशी दिली. ५२१०० हे बेअरिंगचं पोलाद घ्या. एक टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. बडोद्याला ते काही परकं नाही, माणेजाला बेअरिंगचा कारखाना कित्येक वर्षं आहे. हे पोलाद ८४५ अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवलं आणि मग दीडशे ते दोनशे अंशांवर टेम्पर केलं, म्हणजे पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढला, तर रॉकवेल सी मापावर ६० ते ६२ कठीणपणा येतो आणि धार सुरेख बसते. हेच पोलाद भट्टीत जास्त तापलं तर आतला दाणा मोठा होतो, मग कितीही घासा, धार चरचरीत राहते आणि तुकड्यांनी तुटते. टेम्पर न करता सोडलं तर जमिनीवर पडल्यावर टोक जातं. तीन चाकू, तिन्हींवर एकच नाव कोरलेलं, आणि हातात तीन वेगळ्या जाती. म्हणून जुना संग्राहक पोलादाचं नाव ऐकून पुढे विचारतो, ‘केलं कोणी?’ नामांकित कंपनीने नीट पाणी दिलेलं स्वस्त पोलाद हे घाईत पाणी दिलेल्या महाग पोलादापेक्षा नेहमी बरं. व्हिक्टोरिनॉक्सचे लाल चाकू ५६च्या आसपासच ठेवतात. तक्तेवाले त्यावर नाक मुरडतात. पण ते पातं पाच मिनिटांत पुन्हा धारदार होतं, वाकलं तर तुटत नाही, आणि आपल्या पावसाळ्यात गंजत नाही.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो, कारण पुष्कळ चांगले चाकू यात मरतात. विजेच्या ग्राइंडरवर कोरडी धार लावून घेऊ नका. धारेची कड इतकी पातळ असते, की ठिणग्या उडताना ती क्षणात तापते. सव्वादोनशे अंशांच्या आसपास पोलादावर फिकट गवती रंग येतो, अडीचशेच्या पुढे तपकिरी, तीनशेजवळ निळा. कडेवर निळी-जांभळी रेघ दिसली की समजा, तिथला कठीणपणा गेला. आता ती धार टिकणार नाही, आणि जळलेला भाग घासून काढल्याशिवाय उपाय नाही. आपल्या पोळांतून, म्हणजे जुन्या गल्ल्यांतून, सायकलवर चाक घेऊन फिरणारे सराणिया त्या मानाने बरे. पायाने फिरणारं चाक हळू चालतं, धार खडबडीत लागते पण पातं सहसा जळत नाही. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या मी आजही बिनदिक्कत त्यांच्याकडे देतो. संग्रहातला चाकू मात्र देत नाही.

आणि कठीणपणा मोजायला चाकू प्रयोगशाळेत नेऊ नका. हे सांगायचं कारण, कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, ओळख काढून रॉकवेल मशीनवर चाकू लावून घेणारे उत्साही लोक अधूनमधून भेटतात. त्या मशीनमध्ये दीडशे किलोच्या भाराने हिऱ्याचा शंकू पोलादात दाबतात आणि खड्डा किती खोल गेला ते बघतात. खड्डा राहतो. बारीक कानस धारेच्या मागे हलकेच फिरवून बघितली, ती घसरली की चावली एवढं पाहिलं, तरी आपल्या कामापुरतं कळतं.

आता तुमच्या ओपिनेलकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यातच आहे. जोसेफ ओपिनेल या लोहाराच्या मुलाने १८९०मध्ये फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात तो काढला. पातं, बीचच्या लाकडाची मूठ, मानेभोवतीची पट्टी आणि खीळ. पातं अडकवणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. बस, एवढंच यंत्र. आठ नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटिमीटर लांब असतं आणि पाठीला दोन मिलिमीटरही जाड नसतं. तुमच्या काळ्या चाकूंपैकी एखाद्याची पाठ व्हर्नियरने मोजा, साडेतीन-चार भरेल. पण पाठीपेक्षा महत्त्वाची जागा वेगळी आहे. पात्याचा मोठा उतार संपतो आणि अगदी कडेचा चिमुकला उतार सुरू होतो, तिथे मोजा. ओपिनेलला तिथे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा किंवा थोडी जास्त जाडी सापडेल. जाड चाकूला पाऊण मिलिमीटर, कधी एक. कापण्याची सगळी गोष्ट या फरकात आहे. कड कितीही तीक्ष्ण असली तरी कड आत गेल्यावर तिच्यामागची जाडी आत शिरायला जागा मागते.

पडताळून बघायचं तर डिसेंबरपर्यंत थांबा. उंधियूसाठी घरात जांभळा कंद येईल. त्याची पातळ चकती काढून बघा. ओपिनेल सरळ खाली जाईल. जाड चाकू निम्म्यावर अडकेल, मग जोर दिलात की कंद कापला न जाता फाटेल, आणि चकती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ निघेल. दोन्ही चाकूंनी हाताच्या पाठीवरचा केस कापला जात असेल तरीही. ही परीक्षा एकदा झाली की बहुतेकांचा काळ्या चाकूंवरचा जीव उडतो. केस भादरून धार दाखवणारे सगळे व्हिडिओ मग फुकट वाटायला लागतात.

दगडावर हाच फरक दुसऱ्या रीतीने कळतो. पातळ पातं कार्बोरंडमच्या साध्या दुतोंडी दगडावर थोड्या वेळात तयार होतं, कारण काढायचं पोलादच थोडं असतं. जाड पात्याला वीस अंशांचा कोन द्यायला बसलं की कडेचा उतार रुंद रुंद होत जातो, मनगट दुखतं, आणि संध्याकाळ संपते तरी दुसरी बाजू तशीच असते. तुम्ही अजून दगडावर बसला नसाल तर एक युक्ती: धारेच्या कडेला मार्कर पेनाने रंग लावा आणि दोन-चार हात फिरवा. रंग कुठला गेला ते बघा. कडेचाच गेला तर कोन जास्त धरलाय, वरचा गेला तर कमी. दोन्ही बाजूंना सारखा गेला आणि पलीकडच्या बाजूला नखाला लागेल असा बारीक कंगोरा पूर्ण लांबीभर उभा राहिला, म्हणजे काम झालं. मग तो कंगोरा हलक्या हाताने आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उतरवायचा. बहुतेक लोक कंगोरा येण्याआधीच थांबतात आणि पोलादाला नावं ठेवतात.

या कामाला बसणाऱ्या माणसाचं लक्ष अशा गोष्टींकडे जातं ज्या त्याला आधी दिसतच नव्हत्या. पात्याच्या बुडाशी धार जिथे संपते तिथे छोटी खाच आहे का? नसेल तर दगड मुठीला घासतो आणि काही वर्षांत तिथे कुबड येतं. टोकाकडे उतार सारखा आहे का, की घडवणाऱ्याने घाईत टोक जाड ठेवलंय? उलटसुलट वळणांचं, अर्धी धार दातेरी अशी पाती त्याला नकोशी होतात, कारण ती लावणं म्हणजे शिक्षा. सरळ किंवा हलक्या पोटाचं पातं, पाठीपासून धारेपर्यंत एकसंध उतार, साधी मूठ, अशी माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या संग्राहकाची आवड इथे येऊन ठेपली आहे. दिसायला तो संग्रह अगदी कंटाळवाणा. पाहुण्यांना दाखवला तर ते जांभई आवरतात.

मुठीचंही असंच. बोटांसाठी खोबणी कोरलेली मूठ दुकानात हाताला घट्ट बसते आणि छान वाटते. अर्धा तास काकडी-गाजरं चिरा, नाहीतर लाकूड तासा, म्हणजे ती एकाच तऱ्हेने धरायला लावते आणि खोबणीच्या कडा तळव्यात रुततात हे कळेल. क्लिपचाही तसाच वळ उठतो. गोलसर, बिनखोबणीची मूठ कशीही धरता येते. फिनलंडचा पूक्को, स्वीडनचा मोरा, ओपिनेल, जुन्या मराठी घरांतली फळं कापायची सुरी, सगळ्यांच्या मुठी याच घराण्यातल्या. लाकडी मुठीचा एक त्रास आपल्याकडे खरा आहे: जुलै-ऑगस्टात लाकूड फुगतं आणि ओपिनेल उघडता उघडत नाही. कडी सैल करून, चाकू मिटलेला असताना मुठीचं बूड टेबलावर आपटा, पातं नखाने धरण्याइतकं वर येतं. लाकडाला जवसाचं तेल चोपडून नीट वाळू दिलं तर त्रास कमी होतो.

खटक्याच्या बाबतीतही हाच प्रवास होतो. धार चांगली असली की जोर लागत नाही, जोर नसला की पातं बोटांवर मिटण्याची भीती राहत नाही. मग नुसत्या कमानीच्या ताणावर उघडा राहणारा, खटका नसलेला चाकू पुरतो. मी रोज खिशात तोच बाळगतो, पेरू आणि पार्सलांसाठी.

दमास्कसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तीसमध्ये एक-दोन असणारच. लाटांची नक्षी असलेलं, ऑनलाइन मिळणारं ते पातं बहुधा दोन पोलादांचे थर जोडून, पिळून, आम्लात बुडवून केलेलं असतं. निकेल असलेला थर चमकतो, दुसरा काळा पडतो. चांगल्या कारागिराने केलं तर सुंदर असतं, कापायला मात्र त्यातल्या पोलादाइतकंच चांगलं, नक्षीमुळे तसूभरही जास्त नाही. काही पात्यांवर तर नक्षी वरवर कोरलेलीच असते. कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर फिरवून तेवढा भाग पुन्हा आम्लात धरला आणि नक्षी परत आली नाही, तर ओळखा. जुन्या तलवारी-कट्यारींच्या पोलादातली नक्षी, जिला जौहर म्हणतात, ही निराळी गोष्ट. तो दक्षिणेत, आताच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, बंद मुशीत वितळवलेल्या पोलादाचा. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन, आणि गार होताना कार्बाइडचे कण ओळीने बसल्यामुळे उमटलेली नक्षी. लोखंडातल्या व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अंशांचा त्यात हात असतो, हे व्हरहोव्हेन आणि पेंड्रे या अमेरिकन जोडीने १९९०च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. दोन्हींना एकच नाव देऊन विकणाऱ्याकडून काही घेऊ नये.

नजर तयार करायची तर विकत घेण्यापेक्षा बघावं, आणि आपण बडोदेकर यात नशीबवान. लक्ष्मी विलास राजवाड्यातलं शस्त्रागार तिकीट काढून बघता येतं. तिथे गेलात की सवयीने नजर सोन्याच्या मुठींवर जाईल. तिला खाली आणा. पात्याची पाठ कुठे जाड आहे, कुठून निमुळती होत गेली, टोकाजवळ पुन्हा जाड केली आहे का ते बघा. पेशकब्ज या खंजिराचं टोक चिलखताच्या कड्यांत घुसवायला जाड ठेवलेलं असतं आणि पाठ टी अक्षरासारखी भरलेली, म्हणजे वजन न वाढता ताकद येते. कट्यारीचंही टोक असंच भरीव. ही हत्यारं भोसकण्यासाठी होती, भाजीसाठी नव्हती, आणि जाड पात्याला खरं काम काय असतं हे त्यांच्याकडे बघून कळतं. तुमच्या काळ्या चाकूंचे आजोबा तिथे काचेत आहेत. ते जास्त हुशारीने घडवलेले होते, एवढं मात्र जाणवेल.

आणि कच्छ आपल्याच राज्यात आहे. अंजारची सूडी (अडकित्ता) आणि चप्पू (चाकू), भुजजवळच्या रेहा गावचे चाकू. परदेशी चाकूंवर हजारो घालवणारे आपले लोक तिकडे रणोत्सवाला जाऊन येतात आणि एकही आणत नाहीत. सगळेच चांगले असतात असं म्हणत नाही, पर्यटकांसाठीचा रंगीबेरंगी मुठींचा मालही पुष्कळ असतो. पण घेताना पातं उजेडासमोर धरा, पाठीकडून धारेकडे बघा, सरळ आणि पातळ असेल तर घ्या. अडकित्ता घेताना दोन्ही बाजू मिटवून मध्ये उजेड दिसतो का बघा, आणि खिळ्यापाशी हलतो का ते बघा. सुपारी कातरताना तुकडे उडाले तर घडवणाऱ्याने कोन चुकवलाय. पातळ पापुद्रा सुटला तर दुकानदाराशी भाव करू नका.

घरातली विळी मात्र संग्राहकाच्या यादीत कधीच नसते, याचं मला नवल वाटतं. पातं स्थिर आणि भाजी हलती. वळणामुळे प्रत्येक जागी कोन बदलतो, आणि साध्या कार्बन पोलादाचं पातं असल्यामुळे एखाद्या दगडावर चार हात मारले की पुन्हा तयार. जुन्या वाड्यांतून निघालेल्या, वर्षानुवर्षं घासून निम्म्या झालेल्या विळ्या भंगारात किलोवर जातात. मी अशा तीन-चार उचलल्या आहेत. बायकोचं म्हणणं, घरात वापरायला एक पुरते. ते खरंच आहे.

जुन्या वस्तूंकडे वळलात, आणि वळालच, तर काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. पहिलं म्हणजे चकचकीत करू नका. नवखा माणूस जुना चाकू आणतो आणि बफिंगला देतो, आणि कंपनीचा शिक्का, घडवणाऱ्याच्या खुणा, पात्याच्या कडा सगळं गुळगुळीत होऊन येतं. काळपट-राखाडी थर राहू द्यायचा, तो स्थिर असतो. लाल, बोटाला लागणारा गंज तेवढा तेल आणि मऊ पितळी तारेने काढायचा. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सचा तारा आणि क्रॉस दिसणारा झिजका चाकू हा चमकवलेल्या चाकूपेक्षा केव्हाही मोलाचा. पातं झिजून अरुंद झालं असेल तर मला तो जास्तच आवडतो, कारण कोणीतरी तो रोज लावत होता हे त्यात दिसतं. इथे बाजार माझ्याशी सहमत नाही. बाजाराला पूर्ण रुंदीचं पातं हवं असतं.

दुसरं, चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून कपाट बंद करू नका. चामडं कमावताना राहिलेली आम्लं आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळून पात्याला खड्डे पाडतात, आणि पितळी खिळ्यांवर हिरवं चढतं. म्यान बाजूला, चाकू बाजूला. केमिस्टकडे मिळणारं लिक्विड पॅराफिन पुसट लावलं की पुरे. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि खवटतं. जुन्या, कासवाच्या पाठीसारख्या किंवा मोत्यासारख्या झगमगत्या मुठी बहुधा सेल्युलॉइडच्या असतात. त्या कालांतराने आतून कुजतात आणि त्यांतून निघणारी वाफ शेजारच्या सगळ्या चाकूंना गंजवते. अशी मूठ वेगळी, हवेशीर ठेवा. एका खणात एकाच चाकूभोवतीचे सगळे गंजले असतील तर दोषी मधला आहे.

तिसरं कायद्याचं, भराभर सांगतो. हस्तिदंताचा देशातला व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६च्या दुरुस्तीने बंद झाला, त्यामुळे हस्तिदंती मुठीचा चाकू कितीही जुना आणि कितीही स्वस्त मिळाला तरी विकत घेऊ नका. सांबरशिंगाच्या मुठीपासूनही दूर राहा, म्हशीचं शिंग चालतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू कायद्याखाली येते, ती परदेशी पाठवता येत नाही. शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, घरकामाचं, शेतीचं किंवा कारखान्याचं नसेल तर, शस्त्रांत धरलेलं आहे. शिवाय सणावारी आणि निवडणुकीत पोलिस आयुक्तांचा जाहीरनामा असतो, तेव्हा तुमच्या खिशातला छोटा चाकूही गुजरात पोलिस कायद्याच्या कलम १३५ खाली अडचणीत आणू शकतो. संग्रह घरात, आणि बाहेर नेताना कामापुरता.

राहिला विकायचा प्रश्न. लगेच विकू नका. आधी तीसच्या तीस चाकू एकेकदा स्वतः लावा, काळे सुद्धा. दोन-तीन महिने जातील. प्रत्येकाला लावताना वहीत एक ओळ लिहा: कडेमागची जाडी, किती वेळ लागला, कंगोरा सहज आला की नाही, आणि आठवडाभर वापरल्यावर काय राहिलं. या वहीतून दोन-तीन आश्चर्यं निघतील. ज्याला तुम्ही दिखाऊ समजत होतात त्यातल्या एखाद्याचं पोलाद उत्तम निघेल, फक्त पातं जाड ठेवलेलं असेल. तो पातळ करून घेता येतो. बेल्ट ग्राइंडरवर, पाण्यात सारखा बुडवत, बोटाला चटका लागण्याआधी थांबत. मकरपुऱ्यात हे नीट करणारे लोक आहेत, पण समोर उभं राहून करून घ्या. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्यांच्यातला एखादा दर दोन दिवसांनी दगड मागेल.

उरलेले विका. काळ्या लेपाच्या चाकूंना गिऱ्हाईक नेहमी असतं, कारण त्या पायरीवर रोज कोणीतरी नवीन येतं. विकताना धार लावून द्या, कुठे दुरुस्ती केली असेल ती सांगा, खोकं असेल तर बरोबर द्या. पैसे आले की लगेच पुढचा चाकू शोधू नका. एक हजार ग्रिटचा चांगला जपानी पाणदगड घ्या, तो सपाट ठेवायला एक डायमंड प्लेट घ्या. दुकानात ही दोन्ही हातात घेऊन सपाटपणा पट्टीने तपासा, कुरिअरमध्ये दगडाला तडा जातो.